चार गावांची टेनिस लीग आणि वयाची बेरीज

स. न. वि. वि.
मी 57 वर्षांचा आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रत्नागिरीत रोज संध्याकाळी टेनिस खेळतो. यंदा दिवाळीनंतर रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ आणि सावंतवाडी या चार गावांतील हौशी खेळाडूंची लीग भरवायचे ठरले असून नियम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एकूण 44 नावे आली आहेत. त्यांत 7 महिला आणि 37 पुरुष आहेत. पुरुषांपैकी 35 च्या आतले 12, 35 ते 44 मधले 10, 45 ते 54 मधले 9 आणि 55 च्या पुढचे 6 आहेत. या सहांपैकी चौघे रत्नागिरीचे आणि दोघे सावंतवाडीचे. नावांची व जन्मवर्षांची यादी सोबत जोडली आहे. बैठकीत 35, 45 आणि 55 वर्षांवरील असे तीन गट करायचे ठरले आणि तेव्हापासून वाद थांबलेले नाहीत. कुडाळच्या एका खेळाडूला 12 डिसेंबरला 45 पूर्ण होतात, पण पहिली लढत डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आहे. चिपळूणचे एक खेळाडू 47 वर्षांचे आहेत. ते तरुणपणी राज्य पातळीवर खेळले असल्याने 45 वरच्या गटात त्यांच्यासमोर कोणी टिकणार नाही. माझा दुहेरीतला जोडीदार 63 वर्षांचा आहे. त्याचे नाव 55 वरच्या गटात घातल्याचे कळल्यापासून तो कोर्टवर येईनासा झाला आहे. “मला म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसवलंत,” एवढेच तो म्हणाला. काय करावे?
एक वाचक, रत्नागिरी

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतची यादी मी दोनदा वाचली, कारण आपल्या तिन्ही वादांचे मूळ एकच आहे असे मला पहिल्या वाचनातच वाटले आणि त्याची खात्री करून घ्यायची होती. बैठकीत आपण मोठ्या संघटनांचे वयोगट जसेच्या तसे उचलले आहेत. ते गट हजारो खेळाडूंसाठी आखलेले असतात आणि आपल्याकडे 44 जण आहेत. म्हणून माझे मत आधीच सांगतो: खेळाडूंचे वयाप्रमाणे तुकडे पाडू नका, चारही गावांचा एकेकच संघ ठेवा आणि वयाचा हिशेब संघाच्या आत, दुहेरीच्या जोडीत करा. हे कसे करायचे ते पुढे सविस्तर लिहितो, पण त्याआधी वयोगट कशासाठी असतात आणि इतरत्र ते कसे चालतात हे पाहिले, तर आपल्या सहकाऱ्यांना समजावणे आपल्याला सोपे जाईल.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या मास्टर्स स्पर्धांत 30 वर्षांपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो आणि ही शिडी 90 च्याही वर जाते. या गटांचा नियम एका बाजूनेच बंद आहे, आणि माझ्या मते आपल्या साऱ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. 45 वरच्या गटात 44 वर्षांचा खेळाडू येऊ शकत नाही, मात्र 63 वर्षांच्या खेळाडूने 45 वरच्या गटात उतरायचे म्हटले तर त्याला कोणी अडवत नाही. वयाची अट ही किमान वयाची अट आहे, कमाल वयाची नव्हे. ज्येष्ठांना तरुणांच्या वेगापासून थोडा आडोसा मिळावा म्हणून ती असते आणि तो आडोसा घ्यायचा की नाही हे त्या ज्येष्ठाने ठरवायचे असते. आपल्या बैठकीने मात्र वय पाहून जोडीदाराचे नाव परस्पर एका गटात लिहून टाकले. त्यांना राग आला तो वयाचा नसून न विचारल्याचा आहे, असे मला वाटते. या गटांत कमीपणा मुळीच नाही. महासंघाच्या सांघिक जागतिक स्पर्धांत 45 वरच्या पुरुषांचा डब्लर कप 1958 पासून खेळला जातो, 50 वरच्यांच्या करंडकाला फ्रेड पेरी यांचे आणि 60 वरच्यांच्या करंडकाला फ्रेंच स्पर्धा दोनदा जिंकलेले जर्मनीचे गॉटफ्रीड फॉन क्राम यांचे नाव आहे. आपल्या जोडीदाराच्या वयाचे लोक ज्या करंडकासाठी देशाकडून खेळतात, त्याला इतक्या मोठ्या खेळाडूचे नाव आहे, हे त्यांना अवश्य सांगा.

अमेरिकेतील हौशी प्रौढांची राष्ट्रीय लीग 1980 पासून चालते. तिची मांडणी आपल्याला अधिक उपयोगी पडेल, कारण तिथे वय आणि खेळाचा दर्जा या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. वयाचे गट 18, 40 आणि 55 वर्षांवरील असे मोजकेच आहेत, काही भागांत 65 वरचाही आहे, आणि प्रत्येक गटात पुन्हा खेळाच्या दर्जाप्रमाणे पातळ्या आहेत. दर्जा अर्ध्या-अर्ध्या अंकाने चढणाऱ्या मापाने ठरतो. 40 वर्षांचा नवखा आणि 40 वर्षांचा मुरलेला खेळाडू समोरासमोर येऊ नयेत, यासाठी ही व्यवस्था आहे. तिथल्या वयाच्या रेषाही कायमच्या नाहीत. 2013 पूर्वी ज्येष्ठांचा गट 50 पासून सुरू होत असे, तो मोडून 40 आणि 55 च्या रेषा आणल्या गेल्या. म्हणजे ज्यांच्याकडे लाखो खेळाडू आहेत, त्यांनाही आपल्या रेषा पुन्हा आखाव्या लागल्या.

त्या लीगमध्ये 55 वरच्या गटात एकेरी नसते, तिन्ही सामने दुहेरीचे असतात. याचे कारण कोर्टच्या मापातच आहे. एकेरीत 27 फूट रुंदी एकट्याने सांभाळायची असते. दुहेरीत कोर्ट 36 फुटांचे होते, पण माणसे दोन असल्याने एकेकाच्या वाट्याला 18 फूट येतात. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते असे मानतात. नियमित सराव असलेल्यांत ती सावकाश उतरते, पण उतरतेच. हाताची समज आणि चेंडू कुठे येणार याचा अंदाज मात्र तेवढ्या वेगाने जात नाही. रोहन बोपण्णा यांनी जानेवारी 2024 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी मॅथ्यू एब्डन यांच्या जोडीने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली, ती याच जोरावर.

तळकोकणातल्या एका जांभ्याच्या मातीच्या कोर्टवर मी पाहिलेला एक सामना अजून डोळ्यांसमोर आहे. एका बाजूला तिशीतले दोघे होते आणि दुसऱ्या बाजूला 41 वर्षांचे एक शिक्षक आणि 66 वर्षांचे एक गृहस्थ. ते गृहस्थ सर्व्हिसच्या चौकोनात नेटपासून दोन पावलांवर उभे राहत, रॅकेट छातीशी उभी धरून. त्यांच्या बुटांचे लाल ठसे पाहिले तर अख्ख्या सेटमध्ये ते चार हात जागेच्या बाहेर गेले नसावेत. तरुण जोराने मारत, तेव्हा ते रॅकेट फक्त पुढे करत आणि चेंडू चुन्याच्या रेषेजवळ मरून पडे. चेंडू डोक्यावरून जाताना “तुझा!” एवढेच ते ओरडत आणि शिक्षक मागून धावत येत. तो सेट त्यांनी 6-4 असा जिंकला. ज्याचे पाय थकले आहेत पण हात शाबूत आहे, अशा खेळाडूला धावणारा जोडीदार दिला, की त्याच्या वयाची गैरसोय निम्मी होते, हे मला त्या संध्याकाळी समजले.

हेच सूत्र नियमात बसवण्याची पद्धत आपल्या महाराष्ट्रातच रुळलेली आहे. पुण्यातील क्लबांच्या आंतरक्लब लीगमध्ये एका लढतीत खुल्या गटाच्या दुहेरीबरोबर ‘90 अधिक’ आणि ‘100 अधिक’ असे दुहेरीचे सामने असतात. तिथे दोघा जोडीदारांच्या वयांची बेरीज किमान तेवढी भरावी लागते. त्यामुळे तरुण आणि ज्येष्ठ एकाच संघातून, एकाच दिवशी खेळतात, एकमेकांचे सामने पाहतात आणि सर्वांचे गुण एकाच खात्यात जमा होतात. आपण ही पद्धत घ्यावी, पण आकडे मात्र पुण्याचे घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगतो.

आकडे नेहमी सर्वांत लहान संघाची यादी पुढ्यात घेऊन ठरवावेत. आपल्या यादीत तो संघ कुडाळचा आहे. तिथे पुरुष आठच आहेत आणि त्यांतील सर्वांत ज्येष्ठ चौघांची वये 53, 48, 45 आणि 42 भरतात (45 कसे धरले ते पुढे सांगतो). या चौघांची बेरीज 188 होते. 90 आणि 100 अशा दोन जोड्या लावायच्या तर 190 हवेत, म्हणजे कुडाळला दोन वर्षे कमी पडतात. कशीही फिरवाफिरव केली तरी त्यांची एक जोडी अपात्र ठरेल आणि प्रत्येक लढतीत ते एक सामना न खेळताच गमावतील. म्हणून आपण 85 आणि 95 अशा बेरजा ठेवाव्यात. कुडाळची 53 आणि 48 ची जोडी 101 भरते, 45 आणि 42 ची 87, आणि दोन्ही जोड्या बसतात. आधी ठरलेल्या 55 वरच्या गटाचे काय झाले असते तेही आपल्या आकड्यांतच दिसते: सहा जण, तेही दोनच गावांचे, म्हणजे चिपळूण आणि कुडाळ यांना त्या गटात उतरवायला माणूसच नाही. असा प्रकार मी स्वतः अनुभवला आहे. काही वर्षांपूर्वी एका लीगचे नियम लिहिणाऱ्यांत मी होतो. आम्ही हौसेने चार वयोगट केले आणि सर्वांत ज्येष्ठ गटातले निम्मे सामने समोर कोणी नसल्यामुळे बहाल करावे लागले. दोन तासांचा प्रवास करून आलेल्या 60 वर्षांच्या माणसाला “आपण जिंकलात, आता घरी जा” असे सांगण्याची वेळ माझ्यावर आली. ती आपल्यावर येऊ नये.

बेरजेच्या नियमाला एक फट असते, ती आधीच बुजवा. फक्त बेरीज पाहिली तर 63 वर्षांच्या खेळाडूबरोबर 32 वर्षांचा जोरदार तरुण उभा करूनही 95 भरतात आणि मग कोर्टवर तो एकटाच खेळतो. यासाठी बेरजेसोबत प्रत्येकाचे किमान वयही लिहावे: 85 च्या सामन्यात दोघेही किमान 35 चे आणि 95 च्या सामन्यात दोघेही किमान 40 चे. यामुळे कुडाळची कोणतीही जोडी अडत नाही, हे मी ताडून पाहिले आहे.

आता 12 डिसेंबरचा वाद. वय कोणत्या दिवशी मोजायचे यावर जगभर भांडणे होत असल्याने बहुतेक संघटनांनी दिवस मोजणेच सोडून दिले आहे. महासंघाच्या मास्टर्स स्पर्धांत त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत जे वय पूर्ण होणार असेल, ते वय खेळाडूला 1 जानेवारीपासूनच लागू होते. अमेरिकेच्या लीगमध्येही ज्या वर्षात खेळाडू आपला पहिला सामना खेळतो, त्या वर्षात किमान वय पूर्ण होत असले की पुरते. आपणही लीगचे वर्ष वजा जन्माचे वर्ष एवढेच गणित ठेवा. आपली लीग डिसेंबरमध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षी संपणार, त्यामुळे “पहिली लढत ज्या वर्षी होईल ते वर्ष अखेरपर्यंत धरले जाईल” हे वाक्य नियमात न विसरता घाला. नाही तर जानेवारीत सगळ्यांची वये एकेका वर्षाने वाढल्याचा दावा करणारा कोणी ना कोणी निघेल. या नियमाने कुडाळचे खेळाडू पहिल्या रविवारपासूनच 45 चे ठरतात आणि वाद मिटतो. या पद्धतीचा आपल्याकडे आणखी एक फायदा आहे. साठीच्या पुढच्या अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून अशी लिहिलेली असते आणि खरी तारीख घरच्यांनाही आठवत नसते. केवळ वर्षच मोजायचे म्हटल्यावर त्या तारखेवरून कोणाला प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. पुराव्यासाठी आधार कार्डावरचे वर्ष पुरे समजावे, लीग सुरू होण्यापूर्वी चारही संघनायकांनी एकमेकांच्या याद्या पाहून त्यावर सह्या कराव्यात आणि त्यानंतर वयाबद्दल कोणतीही तक्रार घेऊ नये.

चिपळूणच्या खेळाडूंचा प्रश्न वयाचा नाहीच, तो दर्जाचा आहे आणि वयाच्या नियमाने तो कधीच सुटणार नाही. अमेरिकेप्रमाणे प्रत्येकाला अंक देत बसणे 44 जणांत शक्य नाही आणि आवश्यकही नाही. जे राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर खेळले आहेत आणि जे पैसे घेऊन प्रशिक्षण देतात, अशांची एक छोटी यादी चारही संघनायकांनी मिळून करावी आणि या यादीतील खेळाडूंनी 50 वर्षांपर्यंत फक्त खुल्या सामन्यांत खेळावे, असा नियम करावा. वयाची 50 वर्षे झाल्यावर ही अट सुटावी, कारण गुडघे त्यांचेही असतात. हा नियम चिपळूणला जाचक होतो का, हेही मी पाहिले. त्यांना वगळल्यावर तिथले ज्येष्ठ चौघे 51, 46, 43 आणि 42 चे उरतात. त्यांच्या जोड्या 97 आणि 85 अशा भरतात. दुसरी अगदी काठावर बसते, पण बसते. त्या चौघांपैकी एक जण आजारी पडला तर चिपळूणची अडचण होईल, म्हणून कोणत्याही संघाला लीगभरात एकदा, समोरच्या संघनायकाला आदल्या दिवशी कळवून, दोन वर्षे कमी भरणारी जोडी उतरवण्याची सवलत ठेवा. खुद्द त्या खेळाडूंशी आपण बोललात तर बहुधा असे दिसेल, की त्यांनाही सोप्या विजयापेक्षा तिशीतल्या खेळाडूंशी झुंज अधिक आवडते.

महिलांबद्दल आपण पत्रात फक्त संख्या लिहिली आहे, वाद लिहिलेला नाही, यावरून बैठकीत त्यांचा विचारच झाला नसावा अशी मला शंका आहे. यादीत रत्नागिरीच्या तीन, चिपळूणच्या दोन आणि कुडाळ व सावंतवाडी येथील एकेक खेळाडू आहेत. म्हणजे प्रत्येक गाव मिश्र दुहेरीची एक जोडी उभी करू शकते. या सामन्याला वयाची कोणतीही अट लावू नका. अशा प्रकारे एका लढतीत पाच सामने होतील: खुली एकेरी, खुली दुहेरी, मिश्र दुहेरी, 85 ची दुहेरी आणि 95 ची दुहेरी. त्यासाठी आठ पुरुष आणि एक महिला लागते आणि कुडाळच्या संघात नेमके तेवढेच जण आहेत. सामने पाच असल्याने बरोबरी होत नाही. 55 वरच्या खेळाडूलाही खुल्या सामन्यात उतरण्याची पूर्ण मुभा असावी आणि हे वाक्य नियमांत स्पष्ट शब्दांत असावे.

सामन्यांचा क्रम ही किरकोळ बाब वाटते, पण ज्येष्ठांचा मान तिथेच राखला जातो किंवा जातो. बहुतेक ठिकाणी खुली एकेरी आधी ठेवतात आणि वयाचे सामने शेवटी. तोपर्यंत लढतीचा निकाल लागलेला असतो, ज्येष्ठ मंडळी तीन-चार तास बाकावर बसून आखडलेली असतात आणि प्रेक्षक निघून गेलेले असतात. आपण 95 चा सामना सर्वांत आधी ठेवा. डिसेंबरात सकाळी दव असते आणि मातीचे कोर्ट ओलसर राहते, म्हणून रोलर फिरवून साडेआठच्या सुमारास सुरुवात करावी, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी तो सामना संपेल. दोन्ही वयाच्या सामन्यांत दोन सेट खेळवावेत आणि बरोबरी झाल्यास तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक घ्यावा. 40 च्या पुढच्या प्रत्येकाने लीगपूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे, अशी विनंतीही नियमांसोबत जोडावी.

चार संघांनी एकमेकांशी एकदा खेळायचे तर सहा लढती होतात आणि दर रविवारी दोन घेतल्या तर तीन रविवार पुरतात. परतीच्या लढतीही घ्यायच्या असतील तर सहा रविवार लागतील. ते सगळे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकून घ्या, कारण पुढे शिमगा आला की पालखीसाठी जो तो आपल्या गावी जातो आणि त्यानंतर आंब्याच्या धांदलीत बागायतदार खेळाडू मे अखेरपर्यंत हाती लागत नाहीत. जूनमध्ये तर कोर्टच पावसाचे होते.

राहता राहिले आपले जोडीदार. नियमांचा हा नवा मसुदा बैठकीपुढे ठेवण्यापूर्वी त्यांच्या घरी जा. त्यांना आधी यादी दाखवा आणि कुडाळचे गणित त्यांच्याकडूनच करून घ्या. इतकी वर्षे खेळलेल्या माणसाला ते आवडेल आणि कदाचित माझ्या हिशेबातली एखादी चूकही ते काढतील. आपली दोघांची बेरीज 120 भरते, म्हणजे 95 च्या सामन्यात आपण 25 वर्षे जादा देऊन उतराल. ते त्यांना पसंत नसेल तर त्यांनी एखाद्या चाळिशीतल्या जोडीदाराबरोबर खेळावे किंवा खुल्या दुहेरीत उतरावे. नावाच्या पुढची जागा कोरी ठेवा आणि पेन त्यांच्या हातात द्या.